चार की आठ? शैवालातील इलेक्ट्रॉनच्या वाटेचा शोध

#थ्रेड #विज्ञानाचाइतिहास

१/२१
३ फेब्रुवारी १९५९ ची रात्र. शिकागोहून निघालेले एक प्रवासी विमान न्यूयॉर्कच्या विमानतळाशेजारी ईस्ट रिव्हरच्या पाण्यात कोसळले. विमानातील ७३ जणांपैकी ६५ जण दगावले. त्यांत रॉबर्ट इमर्सन नावाचे ५५ वर्षांचे शास्त्रज्ञ होते. जवळजवळ वीस वर्षे ते एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करीत होते: प्राणवायूचा एक रेणू निर्माण करण्यासाठी हिरव्या पेशीला प्रकाशाचे किती कण लागतात? चार की आठ?
प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने जातो, हे कोडे याच आकड्यात दडलेले होते.

२/२१
हा विषय इतिहासाच्या धाग्यात कसा, असे काहींना वाटेल. कारण ही पुराव्यांच्या वाचनाची कथा आहे. पेशीतून धावणारा इलेक्ट्रॉन कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. आपण जसे नाण्यांवरून आणि ताम्रपटांवरून एखाद्या राजवटीची रूपरेषा बांधतो, तसेच या मंडळींनी वायूचे बुडबुडे, प्रकाशाचा रंग आणि पेशींच्या छटेतील सूक्ष्म बदल यांवरून इलेक्ट्रॉनची वाट बांधली. बराचसा पुरावा पुरवला तो शैवालांनी: तळ्यात, ओल्या मातीत, भिंतीवर उगवणाऱ्या सूक्ष्म हिरव्या आणि लाल जीवांनी.

३/२१
थोडी पूर्वपीठिका. हिरवी वनस्पती हवा शुद्ध करते ती केवळ उजेडात, हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ साली दाखवले. शंभर वर्षांनी, १८८२ साली, टेओडोर एंगेलमान यांनी एक देखणा प्रयोग केला. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेल्या शैवालाच्या तंतूवर त्यांनी लोलकातून निघालेला सप्तरंगी पट्टा पाडला आणि पाण्यात प्राणवायूकडे धाव घेणारे जिवाणू सोडले. जिवाणू लाल आणि निळ्या रंगांपाशी गोळा झाले, हिरव्यापाशी विरळ राहिले. प्राणवायू कोठे तयार होतो, याची साक्ष जिवाणूंच्या गर्दीने दिली. प्रश्न मोजमापाचा उरला.

४/२१
ते मोजमाप बर्लिनच्या ओटो वारबुर्ग यांनी आरंभले. १९१९ साली त्यांनी क्लोरेला हे एकपेशीय हिरवे शैवाल प्रयोगशाळेत आणले. झाडाच्या पानाला देठ, शिरा आणि साल असते. दोन पाने कधी सारखी नसतात. क्लोरेलाच्या पेशी मात्र पाण्यात समान पसरतात, भराभर वाढतात आणि पिचकारीने हव्या तितक्या उचलता येतात. वारबुर्ग यांच्या हाती मॅनोमीटर होता. बंद कुपीत वायूचा दाब किती चढला वा उतरला, हे तो काचेच्या नळीतील द्रवाच्या पातळीवरून सांगे.

५/२१
१९२०च्या दशकाच्या आरंभी वारबुर्ग आणि एर्विन नेगेलाइन यांनी निष्कर्ष मांडला: प्राणवायूच्या एका रेणूमागे प्रकाशाचे सुमारे चार कण. हा आकडा मोहक होता. पडलेल्या प्रकाशाचा फार मोठा भाग रासायनिक ऊर्जेत उतरतो, निसर्गाचे हे यंत्र जवळजवळ निर्दोष आहे, असा त्याचा अर्थ होता. १९३१ साली वारबुर्ग यांना श्वसनावरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर 'चार' या आकड्यामागे त्यांच्या नावाचे वजनही उभे राहिले.

६/२१
रॉबर्ट इमर्सन हे वारबुर्ग यांचेच शिष्य. अमेरिकेतून बर्लिनला जाऊन त्यांनी १९२७ साली गुरूंच्या प्रयोगशाळेत डॉक्टरेट मिळवली. मॅनोमीटरही तेथेच हाताळायला शिकले. परतल्यावर कॅलिफोर्नियात, १९३२ साली, त्यांनी विल्यम आर्नल्ड या तरुण विद्यार्थ्यासह क्लोरेलावर प्रकाशाचे अतिशय अल्पकाळाचे लखलखाट पाडले. प्रत्येक लखलखाट पेशींतील सर्व यंत्रणा एकदाच चालवील इतका प्रखर होता. तरीही हरितद्रव्याच्या सुमारे २,५०० रेणूंमागे प्राणवायूचा एकच रेणू बाहेर पडला.

७/२१
याचा अर्थ उलगडायला काही वर्षे लागली. हरितद्रव्याचे बहुतेक रेणू स्वतः रसायनक्रिया करीत नाहीत. ते प्रकाश झेलतात आणि ती ऊर्जा मोजक्या केंद्रांकडे पोहोचवतात. डोंगरउतारावरील असंख्य ओघळांचे पाणी अखेर एकाच नाल्यात उतरावे, तसे. इलेक्ट्रॉनची हालचाल सुरू होते ती त्या केंद्रात. पण केंद्र एकाच प्रकारचे आहे की दोन प्रकारचे, हे तेव्हा कोणी विचारलेही नव्हते.

८/२१
१९३०च्या दशकाच्या अखेरीस इमर्सन यांनी चार्लटन लुइस यांच्यासह गुरूंचे मोजमाप नव्याने तपासले. त्यांचा आकडा दहाच्या आसपास आला. मग वारबुर्ग चुकले कोठे? मॅनोमीटर एकूण दाब दाखवतो; दाब कोणत्या वायूमुळे बदलला, हे त्याला कळत नाही. अंधारातील पेशींवर प्रकाश पडताच आरंभीची काही मिनिटे त्यांतून कार्बन डायऑक्साइडचा झोत निसटतो. दोन वायूंच्या प्रमाणाचे गृहीत त्या काळात खोटे ठरते आणि हा वायूही प्राणवायूच्या खात्यात जमा होतो. साधनाने सांगितले ते खरे होते. ते कोणाविषयी सांगत आहे, हे ओळखण्यात गफलत झाली होती.

९/२१
१९४३ साली इमर्सन आणि लुइस यांनी आणखी एक कोडे नोंदवले. प्रकाशाची तरंगलांबी ६८० नॅनोमीटरच्या पुढे, गडद लाल रंगाकडे नेली, की क्लोरेलाची कार्यक्षमता एकदम ढासळे. हरितद्रव्य तो प्रकाश शोषून घेत होते. तरीही प्राणवायू निघेना. या घसरणीचे स्पष्टीकरण त्यांच्याजवळ नव्हते. त्यांनी ती जशीच्या तशी छापली. युद्धकाळात इमर्सन यांनी आणखी एक काम अंगावर घेतले: मान्झानारच्या छावणीत डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांबरोबर ग्वायुले या झुडपापासून रबर मिळवण्याचे संशोधन. स्वतःच्या सरकारने ज्यांना संशयित ठरवले, त्यांना सहकारी मानणारा हा माणूस होता.

१०/२१
१९४८ साली वारबुर्ग अमेरिकेत आले आणि इलिनॉयमधील अर्बाना येथे इमर्सन यांच्या प्रयोगशाळेत काही महिने राहिले. एकाच छताखाली, समोरासमोर मोजमापे करून वाद मिटवावा, असा हेतू होता. वाद मिटला नाही. संबंध मात्र कायमचे दुरावले. पुढे वारबुर्ग यांनी डीन बर्क यांच्यासह चाराहूनही लहान आकडा प्रसिद्ध केला. शिष्याने उत्तरादाखल एकच केले: मोजमाप अधिक काटेकोर करीत नेले.

११/२१
दरम्यान दुसऱ्या बाजूने वेगळाच प्रश्न सुटत होता: इलेक्ट्रॉन मुळात येतो कोठून? १९३७ साली केंब्रिजच्या रॉबिन हिल यांनी पानांतून वेगळे काढलेले हरितलवक लोहाच्या संयुगासह उजेडात ठेवले. कार्बन डायऑक्साइडविनाच प्राणवायू निघाला आणि लोहाने इलेक्ट्रॉन स्वीकारले. १९४१ साली बर्कली येथे सॅम्युएल रूबेन, मार्टिन केमन आणि सहकाऱ्यांनी क्लोरेलाला जड प्राणवायू असलेले पाणी पुरवले. बाहेर पडणारा प्राणवायू पाण्याशी जुळला. म्हणजे पाण्याचा रेणू फुटतो, प्राणवायू सुटतो आणि इलेक्ट्रॉन पुढच्या प्रवासाला लागतो. रूबेन हे फार काळ पाहू शकले नाहीत. १९४३ साली, युद्धविषयक संशोधन करताना विषारी वायूच्या अपघातात, ते २९ व्या वर्षी गेले.

१२/२१
१९५७ साली इमर्सन आपल्या जुन्या कोड्याकडे परतले. गडद लाल प्रकाश एकटा निष्प्रभ ठरतो. त्याच्या जोडीला कमी तरंगलांबीचा दुसरा प्रकाश दिला तर? दोन्ही प्रकाश एकत्र पडताच प्राणवायू दोघांच्या स्वतंत्र उत्पन्नाच्या बेरजेहून अधिक निघाला. एक अधिक एक बरोबर दोनाहून जास्त! हाच 'इमर्सन वृद्धी परिणाम'. यातून एकच सरळ अनुमान निघत होते: पेशीत प्रकाशाने चालणाऱ्या दोन यंत्रणा आहेत आणि त्या एकमेकींवाचून अडतात. दीड-एक वर्षात विमानाचा तो अपघात घडला.

१३/२१
त्या वेळी अर्बानाच्या प्रयोगशाळेत इमर्सन यांच्या हाताखाली अलाहाबादहून आलेले एक तरुण जोडपे काम करीत होते: गोविंदजी आणि रजनी गोविंदजी. मार्गदर्शक अकस्मात गेल्यावर त्यांनी यूजीन राबिनोविच यांच्याकडे काम पूर्ण केले. दुसरी यंत्रणा केवळ साहाय्यक रंगद्रव्यांवर चालते, असे इमर्सन यांचे मत होते. गोविंदजी आणि राबिनोविच यांनी १९६० साली दाखवले, की तिच्यातही मुख्य हरितद्रव्याचाच एक प्रकार काम करतो. गुरूचे निरीक्षण स्वीकारून त्याचा अर्थ सुधारण्याची ही परंपरा इमर्सन यांनीच घालून दिली होती.

१४/२१
त्याच १९६० सालच्या एप्रिल महिन्यात हिल आणि फे बेंडल यांनी तुकडे जोडले. हरितलवकात सायटोक्रोम नावाची, इलेक्ट्रॉन देणारी-घेणारी दोन लोहयुक्त प्रथिने ठाऊक होती. एकाची विद्युत्-पातळी दुसऱ्याहून बरीच वेगळी होती. म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाताना इलेक्ट्रॉन उतारावरून घसरावा. हा उतार दोन चढांच्या मध्ये असला पाहिजे, असे त्यांनी सुचवले. पहिल्या प्रकाशाने इलेक्ट्रॉन वर चढतो, मधल्या उतारावर ऊर्जा देत खाली येतो, दुसऱ्या प्रकाशाने पुन्हा वर चढतो. आकृती आडव्या इंग्रजी 'झेड' अक्षरासारखी दिसते. म्हणून पुढे तिचे नाव 'झेड-आकृती' पडले.

१५/२१
आकृती कागदावर होती. निर्णायक साक्ष दिली पॉर्फिरिडियम या लाल शैवालाने. १९६१ साली हॉलंडमधील लायडन येथे लुइस डाउसेन्स आणि सहकाऱ्यांनी त्यावर आलटून पालटून लाल व हिरवा प्रकाश टाकला. लाल प्रकाशात सायटोक्रोम इलेक्ट्रॉन गमावी. हिरव्या प्रकाशात त्याला इलेक्ट्रॉन परत मिळत. एक यंत्रणा उपसा करीत होती, दुसरी भरणा. सायटोक्रोम मधोमध उभे होते. लाल शैवालात या दोन यंत्रणांची रंगद्रव्ये वेगळी असल्याने हे इतके स्वच्छ दिसले. 'प्रणाली १' आणि 'प्रणाली २' ही नावे येथून रूढ झाली.

१६/२१
ही वाट समजायला एक कल्पना करू. खालचा रहाट पाणी उपसून उंच हौदात टाकतो. ही प्रणाली २. हौदातील पाणी पाणचक्की फिरवत मधल्या पातळीवर उतरते. ही चक्की म्हणजे सायटोक्रोम संकुल. तेथून वरचा रहाट, प्रणाली १, ते आणखी उंच नेतो. १९४३ चे कोडेही येथेच सुटते: गडद लाल प्रकाश केवळ वरचा रहाट फिरवतो. खालचा थांबला, की वरच्याला उपसायला काही उरत नाही.
मधले टप्पेही शैवालांनीच दाखवले. चक्कीपासून प्रणाली १ पर्यंत इलेक्ट्रॉन नेणारे तांबेयुक्त प्रथिन, प्लास्टोसायनिन, साकाए कातो यांना १९६० साली क्लोरेलातच सापडले. त्याच दशकात रॉबर्ट लेव्हिन यांनी क्लॅमिडोमोनास या शैवालाच्या एकेक दुवा तुटलेल्या वाणांवरून टप्प्यांचा क्रम लावला.

१७/२१
आता चार की आठ? प्राणवायूच्या एका रेणूसाठी पाण्याचे दोन रेणू फुटतात. चार इलेक्ट्रॉन सुटतात. प्रत्येकाला दोनदा वर चढवावे लागते. चार दुणे आठ. १९६९ साली पिएर जोलिओ यांनी लखलखाट मोजत दाखवले, की प्राणवायूचा लोट तिसऱ्या लखलखाटाला येतो आणि त्यानंतर दर चौथ्याला. पाणी फोडणारे केंद्र चारांच्या हिशेबानेच चालते. इमर्सन यांचा कल खरा ठरला. वारबुर्ग १९७० साली वारले. अखेरपर्यंत त्यांनी आपला आकडा मागे घेतला नाही. त्यांनी रूढ केलेले शैवाल आणि त्यांनीच घडवलेला शिष्य, या दोघांनी मिळून तो खोडून काढला होता.

१८/२१
पण वाट एवढ्यावर संपत नाही. १९५४ साली बर्कलीच्या डॅनियल अर्नॉन यांनी पालकाच्या हरितलवकांत एक वेगळाच प्रकार पाहिला. केवळ प्रकाशाच्या बळावर एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जा-चलन, तयार होत होते. प्राणवायू बाहेर पडत नव्हता, कोणी शेवटी इलेक्ट्रॉन स्वीकारतही नव्हते. प्रणाली १ मधून उंचावलेला इलेक्ट्रॉन फिरून आपल्याच जागी येत होता. आपल्या उपमेत सांगायचे तर, वरच्या रहाटाचे पाणी पुन्हा पाणचक्कीवर सोडले जात होते. इलेक्ट्रॉनचा चक्राकार प्रवाह तो हाच.

१९/२१
अनेकांना शंका आली, की हा परीक्षानळीतील आभास असावा. अर्नॉन यांच्या आरंभीच्या प्रयोगांत बाहेरून मदतनीस रसायने घालावी लागत होती. मोठी अडचण पुराव्याचीच होती. सरळ वाटेने गेलेला इलेक्ट्रॉन दोन्ही टोकांना खूण ठेवतो, एकीकडे प्राणवायू, दुसरीकडे एनएडीपीएच. चक्रात फिरणारा काहीच मागे ठेवत नाही. गावाबाहेर फेरी मारून त्याच वेशीतून परतणाऱ्याची नोंद जकातीच्या वहीत कशी सापडावी?
तरीही हिशेब त्याच्या बाजूने होता. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू साखरेच्या वाटेला लावण्यासाठी तीन एटीपी आणि दोन एनएडीपीएच लागतात. आजच्या हिशेबानुसार सरळ वाट दोन एनएडीपीएचमागे सुमारे २.६ एटीपी देते. तूट भरून काढायला इतर मार्गही आहेत, पण त्यांतला एक प्रमुख मार्ग हे चक्र.

२०/२१
पुन्हा शैवाले मदतीला आली. १९६९ साली क्लोरेला आणि पॉर्फिरिडियम या दोहोंत स्वतंत्रपणे आढळले, की प्रकाशाच्या रंगानुसार पेशी आपली ऊर्जा दोन प्रणालींत वाटून घेते. क्लॅमिडोमोनासमध्ये असे दिसे, की प्रकाश झेलणारी प्रथिने प्रणाली १ कडे सरकली की चक्राकार प्रवाह वाढतो. २०१० साली मासाकाझू इवाई, जून मिनागावा आणि सहकाऱ्यांनी त्याच अवस्थेतील पेशींतून प्रणाली १ व सायटोक्रोम संकुल एकत्र जोडलेले असे एक महासंकुल वेगळे केले. ते चक्राकार प्रवाह चालवत होते. कोडे सुटलेसे वाटले. मात्र २०१३ साली फ्रेंच संशोधकांनी दाखवले, की प्रथिनांचे ते सरकणे रोखले तरी चक्र चालू शकते. दोन घटना बरोबर घडत होत्या. एक दुसरीचे कारण नव्हती. आपल्या विषयातही ही चूक किती वेळा होते, हे वेगळे सांगायला नको. वरून परतणारा इलेक्ट्रॉन नेमक्या कोणत्या दाराने पाणचक्कीवर येतो, यावर आजही वाद आहे.

२१/२१
या कथेत वारबुर्ग यांना खलनायक करणे सोपे आहे. पण ते अन्यायाचे होईल. क्लोरेला त्यांनी रूढ केली नसती, तर त्यांची चूक दाखवण्याचे साधनही नसते. मला मोलाचा वाटतो तो १९४३ चा क्षण. ज्याचे स्पष्टीकरण देता येत नव्हते, ती घसरण इमर्सन यांनी लपवली नाही, ताणून आपल्या मतात बसवलीही नाही; नीट मोजून नोंदवून ठेवली. चौदा वर्षांनी तीच नोंद दोन प्रणालींची किल्ली ठरली. आपल्यापुढे एखादे कागदपत्र येते आणि ते आपल्या आवडत्या मांडणीत बसत नाही, तेव्हा आपण काय करतो?
पुढच्या पावसाळ्यात गडाच्या पायऱ्यांवर शेवाळाने पाय घसरला, तर क्षणभर थांबून त्याकडे पाहा. त्या हिरव्या थरातही इलेक्ट्रॉन याच वाटेने चढत, उतरत आणि काही वेळा फिरून माघारी येत असतील.

थ्रेड समाप्त. शंका आणि दुरुस्त्या अवश्य कळवाव्यात.